काठावरची कुसळं

शेवंताकाकूंच्या शेताकडून फिरून आलो की मोज्यांना कुसळं चिकटलेली असतात. त्यांनी नदीच्या कडेला दहा-बारा पावलांचा गवताचा पट्टा राखलाय. सासऱ्यांच्या वेळेपासून तिथे नांगर लागलेला नाही. शेतातली माती, खत त्या गवतात अडकतं आणि नदीत उतरतं ते नितळ पाणी.

नदी स्वच्छ राहावी म्हणून असे पट्टे करणाऱ्यांना आता सरकार अनुदान देतं. गेल्या दिवाळीनंतर त्या योजनेचे साहेब काकूंच्या पट्ट्याच्या पाहणीला आले, तेव्हा मीही तिथे होतो.

"काकू, हे योजनेत बसत नाही. आधी जमीन उघडी होती, असा फोटो लागतो."

"पण ती उघडी नव्हतीच की."

"मग नांगरून घ्या. फोटो काढू. मग परत गवत लावा."

हे त्या गृहस्थाने अगदी शांतपणे, मदत केल्याच्या थाटात सांगितलं. नद्या आपण असल्या माणसांच्या हवाली करतो, वर त्यांना नारळ आणि शालही देतो! शेजारच्या शेतातल्या भाऊसाहेबांनी त्यांचं ऐकून आपला जुना पट्टा नांगरला. नवं गवत रुजायच्या आत पावसात काठ खचला. आता तिथे योजनेची पाटी आहे आणि पाटीखालून गढूळ ओहोळ नदीत जातो. फोटो मात्र सुरेख आलेत.

त्या दिवशी गाडीत बसताना साहेब वैतागून पँटची कुसळं उपटून रस्त्यावर फेकत होते. काकूंनी ओंजळ पुढे केली.

"इकडं द्या साहेब. बी हाय त्यात."