माझ्या परीचे पाय

चुकलं-माकलं तं माफ करजा, आठवीपर्यंतच शिकली मी, माहेर गोंदियाकडचं म्हून मराठी येते, बाकी इथं सगळं हिंदीच. अन् पहिलेच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टीले हसणारी बाई. परीले ताप आला तं सासू म्हणे मीठमिरची उतरव, मी सरळ दवाखान्यात नेली. सासू म्हणे, "लय शहाणी आली." होतीच मी शहाणी... आता काय आहे ते मलेच मालूम नाही.

आमी बालाघाटले राह्यतो, गोंदिया रोडकडे, राइस मिलच्या मागच्या गल्लीत किरायाची खोली आहे. माझा नवरा त्याच मिलमध्ये कामाले. परी आमची पोरगी, चौदा महिन्याची. अकराव्या महिन्यातच चालायले लागलती, चूं-चूं वाजणारे लाल बूट घालून गल्लीभर पळे. मिलचे हमाल म्हणत, "आ गई एक्सप्रेस!"

ह्यांचं एक वेड होतं. एक क्रिकेटवाला आहे, नाव नाही लिहत, हे सारे त्याले भैया म्हणतात. आमच्या खोलीत देवाच्या फोटोपेक्षा भैयाचा फोटो मोठा. तो भैया सुट्टीत बाहेरदेशी गेला अन् बर्फावर पडला. स्कीइंग म्हणतात म्हणे... पायाले लांब पट्ट्या बांधायच्या अन् डोंगरावरून घसरायचं. मी म्हटलं, "अवो, धडधाकट माणूस हे काहून करते?" तं हे असे अंगावर आले माझ्या! "तुले काय समजते? कमरेखाली जीव नाही राह्यला त्याच्यात!" अन् रडले. माझ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचली तेव्हा नाही रडले हे.

दोन दिवस जेवले नाही. त्यांचा फोनवर ग्रुप आहे, भैयाच्या दीवान्यांचा, जिल्हाभरचे पोरं. त्यात रोज कोणी काही करे... कोणी टक्कल केलं, कोणी गुटखा सोडला, एक जण परसवाड्याहून अनवाणी चालत आला. साऱ्यांचे व्हिडिओ. मी म्हटलं चालू द्या, दुःख आहे बिचाऱ्यांले.

मग एका रविवारी हे म्हणे, परीले आजीकडे फिरवून आणतो. सासरचं गाव लामत्याजवळ. मीच तिले काजळ-पावडर केलं, बूट घातले, गाडीवर समोर बसवून देल्ली. संध्याकाळी आले तं एकच बूट. म्हणे, "रस्त्यात पडला असेल." मी म्हटलं, पडला तं पडला.

सोमवारी सकाळी परीले खाली ठेवली अन् ती बसून गेली. उभी केली, परत बसली. पाय असे... ओल्या कपड्यावानी. रडत नव्हती, नुसती पाह्यत होती माझ्याकडे. अन् तिकडे हे फोन घेऊन नाचत आले, "परीची माय! भैयानं अंगठा हलवला!"

डॉक्टरनं फोटो काढले पायाचे, सुई टोचून पाह्यली, पोरगी रडली. म्हणे, "हड्डी ठीक, नस ठीक, डर गई होगी, चलेगी." पंधरा दिवस झाले, नाही चालली. तिकडे भैया उठून बसला. मग धरून उभा झाला. ह्यांनी मिलसमोर पेढे वाटले. मी दारात परीचे पाय तेलानं चोळून राह्यली होती अन् माह्या नवऱ्याले पेढे वाटताना पाह्यत होती... तरी माझ्या डोक्यात काही नाही आलं, देवाची शपथ.

मग एका दिवशी हे आंघोळीले गेले, फोन चार्जिंगले होता, परी रडे म्हून तिले गाणं लावून द्यायले मी उचलला. वरच तो ग्रुप होता. कोणीतरी जुना व्हिडिओ परत टाकला होता, खाली लिहलं, "सबसे सच्चा फैन." लावला... तं माझीच परी. ह्यांच्या कडेवर. सासरच्या गावाबाहेर मातामायचं, म्हणजे देवीचं, ठाणं आहे, कडुलिंबाच्या खाली, तिथं. हे तिच्या पायातला बूट काढून फांदीले बांधून राह्यले अन् म्हणून राह्यले, "माँ, मेरी बेटी के पैर रख ले, भैया के पैर लौटा दे." अन् परी टाळ्या वाजवून राह्यली! खाली लोकांनी सलाम ठोकले होते, दिल पाठवले होते. एकानंही नाही लिहलं का बाबा हे काय केलं तू.

हे टॉवेलवर बाहेर आले. मी फोन समोर धरला.

"तसं नव्हतं व," म्हणे, "सारेच काही ना काही देऊन राह्यले होते..."

"मंग तुमचे पाय काहून नाही देल्ले?"

"मले कामाले जा लागते ना!"

असंच म्हटलं. विचारही करा नाही लागला त्यांले. पोरगा असता तं असा नवस बोलले असते का?

मी म्हटलं, "आत्ता चाला, सोडा तो बूट." मंग हळूच म्हणे, "पुढच्या हप्त्यात तो चालणार आहे... तेवढं होऊ दे."

मी परीले घेतली अन् लामत्याची बस धरली. ठाण्यावर कोणीच नव्हतं, डोक्यावर ऊन. पोरीले कडेवर धरून फांदी ओढली, गाठ सुटेना, दातानं सोडली. मोठ्यानं म्हटलं, "माय, ज्यानं कबूल केलं त्यानं हिले नऊ महिने नाही वागवलं. मी हौ नाही म्हटलं." बस, एवढंच. मंत्र-बिंत्र काही नाही.

परतीच्या बसमध्ये परी माझ्या मांडीवर बसली होती. बसल्या बसल्या तिनं पाय रेटले अन् खिडकीचा दांडा धरून उभी झाली. मी ओरडलीच. बाजूची बाई म्हणे, "क्या हुआ बहन?" काय सांगू तिले?

घरी आली तं हे उंबरठ्यावर, डोळे लाल. "भैया पडला. दुपारी. परत ऑपरेशन करून राह्यले." मंग माझ्याकडे पाह्यून, "तूच केलं ना?"

मी परीले खाली ठेवली. ती डुलत डुलत, "बा, बा" करत त्यांच्यापर्यंत चालत गेली, गुडघ्याले धरलं त्यांच्या. त्यांनी खाली नाही पाह्यलं. फोन कानाले लावून उठून गेले.

आता परी पळते. भैयाचं चांगलं नाही म्हणतात. त्याच्याही मायले रात्रंदिवस घोर असेल... मले वाईट वाटते, खरंच वाटते, पण परत बांधणार नाही. डॉक्टरले विचारलं, म्हणे ऐसा होता है बच्चों में. असेल. मोठ्या शिकलेल्या लोकांनो, तुमच्यापैकी कोणाले समजलं तं सांगा, मले अजूनही नाही समजलं.

सासू म्हणते मातामायचा कोप होईल. मले मातामायची भीती नाही वाटत. तिनं काही मागितलंच नव्हतं, ह्यांनी आपल्या मनानं देल्लं. म्हून नळावर पाणी भरायले जातानाही परीले मी संगंच नेतो... घरात हे असतात.