तिसऱ्या वाचनातला वगैरे

त्या ग्रामसभेत कोन कोन होतं ते पयले सांगतो. सरपंच बाई, ग्रामसेवक भाऊ, किराना दुकानवाले चाचा, माझी जाऊ, बचत गटाच्या बाया अन् मी. शाळेच्या पायरीवर माझी बकरी बी होती, पन तिले मत नाई.

त्याच्या आदीच्या हिवाळ्यात आमच्या गटाले नागपूरले नेलं होतं, अधिवेशन पाहाले. वर गॅलरीत बसवलं. खाली मोठाले लोकं सगळे एकाच टायमाले बोलून राह्यले होते. उंच खुर्चीवरचा 'बसा, बसा' म्हने, कोनी बसे नाई. आमच्या मास्तरनं साऱ्याइले कोंबडा केलं असतं. तिथल्या शिपायानं सांगतलं, "आजी, कायदा असाच नाई होत. त्याचं तीनदा वाचन होते." तेवढं मी ध्यानात ठेवलं.

तं ग्रामसेवकानं ठराव काढला अन् भडभड वाचला. "गावालगतची पडीक जागा रोपवनासाठी, वगैरे वगैरे. हात वर करा."

मी म्हनलं, "थांबा भाऊ. आनखी दोनदा वाचा."

"काऊन?"

"नागपूरले तीनदा वाचतेत. आपला ठराव काय सावत्र हाय?"

तो हासला. "आजी, ते वाचन तसं नाई. तिथी नुसतं नाव वाचतेत. मंग चर्चा, मंग कलमं, मंग मतं."

"म्हंजे पूरा न वाचताच हात वर करतेत?"

बाया खिदळल्या. सरपंच बाई म्हने, "वाचा न भाऊ, तोंड काय झिजते तुमचं?"

दुसऱ्या खेपेले एकच वगैरे उरला. तिसऱ्या खेपेले तो तापला अन् रागारागात सारंच वाचून गेला: "नाल्याकाठची मोहाची सात झाडं धरून पूऱ्या जागेले तारेचं कुंपन, पाच वर्सं आत जाना बंद."

बाया माझ्याकडं पाहाले लागल्या.

तो वगैरे म्हंजे माझे मोह होते. नवरा गेला तवा दोनी पोरी लहान. त्याच सात झाडाखाली फुलं वेचली, वाळवली, इकली. एक साल तेच शिजवून खाल्ले. रडाले फुरसत नव्हती, तेवढ्यात ढोरं फुलं खाऊन जात.

"आतं करा चर्चा," मी म्हनलं.

झाली. नागपूरसारखीच, सारे संगच बोलले. ठरावातून मोहाची जागा काढली, तवा हात वर झाले. मंग जावेनं आनखी एक ठराव मांडला, का इथून पुढं हर ठराव तीनदा पूरा वाचाचा. तो बी ग्रामसेवकाले तीनदा वाचा लागला. मधात दोनदा पानी पेला बिचारा.

अजून बी तो म्हनते, आजी, तुमची समजन्यात चूक झाली. झाली असन. मोह उभे हायेत.

हे नात लिहून राह्यली. तुम्ही वाचून राह्यले, तं इतकंच करा. सभेत कोनी कागद वाचता वाचता 'वगैरे' म्हनला, तं हात खाली ठेवा अन् म्हना, भाऊ, पुन्हा वाच.