मावशीचे स्क्रीनशॉट

मला शिसारी येते ती घाणीची नाही. इस्पितळाच्या धुलाईघरात बारा वर्षं काढल्यावर रक्त, पू, ओकारी यांचं काही वाटेनासं होतं. शिसारी येते ती आमच्या सुपरवायझरच्या अत्तराची. माणसाच्या आधी त्याचा वास आत यायचा, आणि माणूस मात्र उंबऱ्याच्या आत कधी पाऊल टाकायचा नाही. उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्याही मोबाइलवरून.

धुलाईघराच्या मधोमध भिंत आहे. एका बाजूला घाणीचे कपडे येतात, दुसऱ्या बाजूने धुतलेले निघतात. मी धुतलेल्या बाजूला, घड्या घालायला. घाणीच्या बाजूला मावशी. माझी एकटीची नव्हे, सगळ्यांचीच मावशी. एकवीस वर्षं त्याच जागी. लाल पिशवीतले, म्हणजे रक्ताने भरलेले कपडे वेगळ्या यंत्रात, कढत पाण्यात, औषध घालून धुवायचे हा तिचा नेम. मोजे काढले की हात कोपरापर्यंत धुवायचे, मनात शंभर आकडे मोजत. घरी एकटा जीव आणि एक खोली, पण पलंगावरची चादर इतकी पांढरी की टेकायची हिंमत होऊ नये. नवरा गेला त्या दिवशी तिने आधी त्याच्या अंगाखालची चादर उकळत घातली आणि मग रडायला बसली. हे तिनेच मला सांगितलं, त्यात काही वेगळं आहे असं तिला वाटतही नव्हतं.

कामावर मोबाइलला बंदी होती. फक्त मावशीला मुभा, कारण सुपरवायझरचे हुकूम आम्हा सगळ्यांच्या ग्रुपवर यायचे. तिचा मोबाइल पारदर्शक पिशवीत घालून खिळ्याला टांगलेला असे. मेसेज आला की पडदा उजळायचा आणि ती लांबूनच वाचायची. मी माझा एप्रनच्या खिशात लपवून ठेवायचे.

मग कढत पाण्याचं यंत्र बिघडलं. दुरुस्तीसाठी वर कळवलं तर आपल्यालाच जाब विचारतील, म्हणून सुपरवायझरने सोपी वाट काढली. सकाळी ग्रुपवर लिहायचं, ‘लाल पिशव्या साध्या यंत्रात टाका’, आणि दोन-तीन मिनिटांत मेसेज पुसून टाकायचा. मावशी पहिल्या दिवशी अडून बसली तर त्याने तिला दोन दिवस घरी बसवलं. परत आल्यावर तो सांगेल तसं तिने केलं, आणि त्या दुपारी डबा उघडला नाही. पुढे तिने तोंडावर विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मी असं कुठे लिहिलंय? दाखव.”

म्हणून मी तिला स्क्रीनशॉट शिकवायला बसले, चहाच्या सुट्टीत. कडेची दोन बटणं एकदम दाबायची, हा पहिला प्रकार. तिच्या अंगठ्याचं पेर सुजलेलं, एक बटण आधी दाबलं जायचं नि एक मागाहून. एकदा आवाज बंद झाला, एकदा मोबाइलच. दुसरा प्रकार, तीन बोटं पडद्यावरून खाली ओढायची. औषधाच्या पाण्याने तिच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच गेलेल्या. मोबाइलला त्यातली दोनच बोटं कळायची. तिसरा, तोंडाने सांगायचं. यंत्रांच्या घरघरीत मोबाइल पुन्हा पुन्हा काय म्हणून विचारत राहिला. “बहिरा आहे मेला,” असं म्हणून तिने तो नाद सोडला. शेवटी तळहाताची कड. ताटाभोवतीची शितं सारावीत तसा तिने हात पडद्यावरून सारला आणि खट्‌ झालं. त्या दिवशी तिने तारखेचा, घड्याळाचा, बहिणीच्या फोटोचा, दिसेल त्याचा स्क्रीनशॉट काढला.

पण मेसेज यायचा तेव्हा तिचे हात लाल पिशवीत असायचे. मोजे काढायचे, शंभर आकडे मोजत कोपरापर्यंत धुवायचं, पुसायचं, मग पिशवीतून मोबाइल काढायचा. तोवर तिथे काही उरलेलं नसायचं. मी म्हटलं, एकदा तसाच घे ना हातात, नंतर पूस. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मीच ओशाळले. “तो घरी माझ्या उशाशी असतो,” म्हणाली. तिचा हा सोवळेपणा सुपरवायझरला पक्का ठाऊक होता. त्याच हिशोबाने तो मेसेज पुसायचा.

आणि मग एका पेशंटच्या धुतलेल्या चादरीत रक्ताने माखून वाळलेला कापसाचा बोळा निघाला. घडी माझ्या हातची होती. तो बोळा माझ्या हाताला लागला नव्हता असं मी अजून सांगते.

चौकशी झाली. लाल पिशवी साध्या यंत्रात कोणी टाकली, एवढाच प्रश्न, आणि टाकणारे हात मावशीचे. सुपरवायझर नामानिराळा. खोलीबाहेर बाकावर बसलो असताना मावशीने मला हळूच विचारलं, “तुझ्याकडे असेल का गं एखादा?”

मी नाही म्हटलं.

होता. एके सकाळी मेसेज आल्या आल्या सवयीने तीन बोटं ओढली होती, चुटकीसरशी. त्याचं नाव, वेळ, लाल पिशव्या, सगळं स्वच्छ. पण तो दाखवला असता तर खिशातला मोबाइलही दिसला असता, आणि त्याच महिन्यात मला कायम करायचं चाललं होतं. आत बोलावलं तेव्हा सांगितलं, मी भिंतीपलीकडे असते, मला काय कळणार.

मावशीने चौकशीच्या मॅडमपुढे आपला मोबाइल धरला. तेवीस स्क्रीनशॉट, एकूण एक तळहाताने काढलेले, आणि प्रत्येकात तीच ओळ, ‘हा मेसेज डिलीट केला आहे’. मॅडम म्हणाल्या, यात तर काहीच नाही. सुपरवायझर रुमालात हसला. त्या रुमालाचा वास खोलीभर पसरला. मॅडमनी मोबाइल परत दिला, टेबलावरच्या बाटलीतला द्राव हातांवर घेतला आणि हात चोळत तिला कामावरून काढल्याचं सांगितलं.

मी कायम झाले. त्या आठवड्यात मावशीच्या खोलीवर गेले. तिने पाणी दिलं, कशी आहेस विचारलं. माझ्याने राहवेना. मोबाइल काढून तो स्क्रीनशॉट तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला, वरची तारीख वाचली, ओळ वाचली.

“छान आलाय,” म्हणाली. “तीन बोटांनी काढलास का?”

मी मान डोलावली. तिने मोबाइल माझ्या हातात दिला नाही, खाली फरशीवर ठेवला. मग उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागली. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. तिचे शंभर होईपर्यंत मी तिथेच बसून होते.