पळायचं ते सांगून

उभ्या कोल्हापुरात पळून जाणाऱ्या पोरीला डबा बांधून देणारी बाई एकच झाली, ती आमच्या बालिकागृहातली आक्का. पदानं काळजीवाहक, अंगानं दणकट, आणि आवाज असा की रंकाळ्याच्या एका काठाला बोलली तर दुसऱ्या काठावरच्या म्हशी मान वर करतील. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी चंदगडहून आलेली, बारा वर्षांची, सातवीत शाळा सुटलेली आणि भांडं पडलं तरी खाटेखाली शिरणारी. आता कामासाठी तिरुपूरला असते. इथं मराठीत बोलायला कुणी नाही, म्हणून लिहून ठेवते.

आक्काला कुठंही गुपचूप शिरणं जमायचंच नाही. जिन्यापासूनच स्वतःची दवंडी पिटत यायची. "मी येतो गं पोरींनो. एका हातात तांब्या हाय, दुसरा मोकळा हाय. आता वळलो. आता उंबऱ्यात हाय." नवी आलेली पोरगी पहिल्यांदा हसायची, आणि चार दिवसांनी तिच्या ध्यानात यायचं की आपण इथं आल्यापासून एकदाही दचकलो नाही. वेणी घालायची तरी आधी विचारणार, "डोक्याला हात लावू काय?" न्हाय म्हटलं तर राग नाही. मी एकदा सलग अकरा दिवस न्हाय म्हटलं. केसांचा पार सुगरणीचा खोपा झाला. आक्का रोज तेलाची वाटी घेऊन यायची, विचारायची, आणि ओतलेलं तेल वाया कशाला म्हणून ती वाटी स्वतःच्या डोक्यावर रिकामी करायची. बाराव्या दिवशी तिच्या कपाळावरनं, कानामागनं तेलाचे ओघळ बघितले आणि मीच मुकाट्यानं वेणीला बसले.

आम्ही सगळ्याच उशीखाली भाकरी लपवायचो. उद्या मिळेल याचा भरवसा कुणाला होता? मुंग्या झाल्या तेव्हा बालिकागृह चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी उशा झटकायचं फर्मान काढलं. आक्कानं उशांना हात लावला नाही. तिनं प्रत्येकीला झाकणाचा डबा दिला आणि रोज सकाळी बोहारणीसारखी फिरायला लागली, "शिळी द्या, ताजी घ्या." शिळ्यांचा कुस्करा करून, वर फोडणी घालून स्वतः खायची आणि म्हणायची, "तुमच्या भीतीवर माझं पोट चाललंय बघा."

पण तिचा खरा पराक्रम पळण्यातला. मी तीनदा भिंतीवरनं पळाले होते. चौथ्यांदा पळाले तर लांबच्या जिल्ह्यातल्या संस्थेत पाठवू, असं मला बजावलं होतं. आक्का सोडली तर मला माणूस नव्हतं, त्यामुळं नुसत्या विचारानं जेवण जाईना. तरी फाटकाची कडी वाजली की पाय आपोआप भिंतीकडं वळायचे. आक्का म्हणाली, "भिंतीवर काचा हाईत. पळायचंच हाय तर दारातनं पळ. सांगून. डबा देतो." मग दर शनिवारी मी पळायला लागले. पुढं मी, हातात डबा, आणि वीस पावलं मागं आक्का ओरडत, "मी मागंच हाय गं, पळ तू निवांत." एका रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, पोरगी पळाली काय?"

"व्हय की. शनिवार न्हाई का आज?"

एसटी स्टँडवर चंदगडची गाडी लागायची. "चढणार?" "न्हाय." "मग खर्डा-भाकरी सोड." जेवायचं, गाडी सुटलेली बघायची आणि परत यायचं.

घोटाळा केला तो आक्काच्या खरेपणानं. हजेरीवहीत ती दर शनिवारी माझ्या नावापुढं लिहायची, "पळून गेली. सहाला परत." तपासणीला आलेल्या साहेबांच्या बोटाखाली नेमकं तेच आलं.

"ही मुलगी आठ वेळा पळाली?"

"नऊ," आक्का म्हणाली. "एकदा वहीवर पाणी सांडलं, लिहायचं राहिलं."

साहेबांनी माझ्या बदलीचा कागद पुढं ओढला आणि मला बोलावलं. का पळतेस, म्हणाले. मी आक्काकडं बघितलं. आता आक्का माझ्या वतीनं तोफ डागणार, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "साहेब, खुर्ची जरा बाजूला घ्या."

"का?"

"तुमच्यामागं दार हाय. तिला दिसू दे."

साहेब कुरकुरत सरकले. बाहेरचं ऊन दिसलं. "पळत न्हाय मी," मी म्हटलं. "दार उघडतंय का ते बघून येतो."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग कागद फाइलीत गेला, सहीविना कोराच.

अठरा पूर्ण होईपर्यंत मी तिथंच राहिले. दिवाळीला बाकीच्या बाया गावी जायच्या, आक्का जायची नाही. "माझं काय तिकडं," म्हणून कामाला लागायची. गेल्या वर्षी ती वारल्याचं कळलं. हे सगळं तिला कुठल्या शाळेत शिकवलं नव्हतं, ते तिनं कधीतरी स्वतःच्या अंगावर सोसलेल्यातनंच आलेलं असणार, हे आता कळतं. सहा वर्षांत मी तिला माझं सगळं सांगितलं. तिचं गाव कुठलं, एवढंसुद्धा कधी विचारलं नाही.