कामोशितासाहेबांनी खाल्लेल्या शेवया

तोकिए अकुत्सु टोकियोजवळच्या कावासाकीला आली ती १९५५ साली, पंधराव्या वर्षी. नुकती शाळा संपलेल्या मुलामुलींनी खच्चून भरलेली खास गाडी अकिताच्या डोंगरातून निघाली होती. छातीवर कारखान्याच्या नावाची चिठ्ठी आणि रडून सुजलेले डोळे, अशा थाटात ती उतरली. पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यानं तिला आधी खोकी बांधायला बसवलं. खोक्यांवरचं तिचं अक्षर एका इंजिनियरनं पाहिलं आणि तिची रवानगी पंपांचे नकाशे काढणाऱ्या खात्यात झाली. पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर अर्धपारदर्शक कागद अंथरायचा आणि शाईनं रेघ न् रेघ गिरवायची. ऐकायला सोपं वाटतं. एकदा बसून बघावं. श्वास चुकला की रेघ हलते आणि तीन दिवसांची मेहनत फुकट जाते. तोकिएची रेघ हलत नसे.

नोकरीला लागतानाच तिनं एका कागदावर सहीच्या जागी आपल्या नावाचा शिक्का मारून दिला होता: लग्न झालं किंवा वयाची तीस वर्षं पूर्ण झाली, की आपण होऊन नोकरी सोडीन. सगळ्याच मुली मारत. पंधराव्या वर्षी लग्न काय आणि तिशी काय, दोन्ही सारखीच लांब वाटतात.

लग्न आठ वर्षांत आलं. सेइजी नोमोतो पोलादाच्या भट्टीवर पाळ्या करायचा, स्वभावानं मऊ. घरात त्याची आई, इनेबाई. बाँबहल्ल्यात नवरा गेला, तेव्हा पाठीवर काळ्या बाजारातल्या तांदळाची पोती वाहून, पोलिसांना चुकवून तिनं पोर वाढवलं होतं. तोकिएनं दोघांना सांगून टाकलं, "ऑफिसात लग्नाचं कळता कामा नये. कळलं की घरी बसवतील."

"मग बस की घरी," इनेबाई म्हणाली. "सेइजीचा पगार पुरतो."

"आई, मला रेघा मारायला आवडतं."

"आवडतं म्हणे! रेघा इथं अंगणात मार." पण तिनं तोंडाला कुलूप घातलं. शेजारणींपुढंसुद्धा अवाक्षर काढलं नाही.

जुलै उजाडला, तिकडचा ऐन उन्हाळा. ज्याच्या हाताखाली आपलं माणूस राबतं, त्याला जुलैत भेट पाठवायची नाही म्हणजे बेअदबीच. इनेबाईनं बाजारातून लाकडी पेटीतल्या उत्तम बारीक शेवया घेतल्या, वर चिठ्ठी लिहिली, 'आमच्या सूनबाई तोकिएवर असाच लोभ असू द्यावा', खाली नोमोतो आडनाव घातलं आणि पेटी थेट खातेप्रमुख कामोशितासाहेबांच्या घरी रवाना केली. सांगायचं नाही असं ठरलं होतं. भेट पाठवायची नाही असं कुठं ठरलं होतं?

चार दिवसांनी कामोशितासाहेबांनी तोकिएच्या खांद्यावर हलकेच थाप मारली.

"अभिनंदन हं! शेवया काय सुरेख होत्या! परवाच संपल्या. बरं, निरोपसमारंभ महिनाअखेरीला ठेवू या? फुलं कुठली आवडतात तुला?"

तोकिएचे कान तापले. पण ती बोलली. "साहेब, मी जाणार नाही."

"अगं, तू कागद दिलायस."

"दिलाय. तरी जाणार नाही."

साहेब ओरडले नाहीत. ओरडण्याची त्यांना गरजच नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलावर नकाशा येईना. चौदा पुरुषांच्या चौदा कपांत सकाळ-दुपार चहा ओतायचा, उरलेला वेळ रिकाम्या टेबलाशी बसायचं. रोज खांद्यावर थाप पडे, "अजून इथंच का?" बाकीच्या मुली खाली मान घालून गिरवत बसत. त्यांना तरी काय बोल लावायचा, त्यांचेही कागद कपाटात होतेच. तोकिए पेनं पुसायची, वाळवायची, पुन्हा पुसायची. सोळाव्या दिवशी तिला वाटलं, फुलं घ्यावीत आणि सुटावं.

घरी ती बोलली नव्हती. सेइजीच्या कानावर बाहेरून आलं होतं, त्यानंच जेवताना विषय काढला. इनेबाईचे हात थांबले.

"म्हणजे माझ्या भेटीनं झालं हे?"

"तसं नाही आई..."

"तसंच आहे. गप बस."

रविवारी इनेबाई ठेवणीतला किमोनो नेसून बाहेर पडली आणि दुपारी घामाघूम होऊन परतली.

"कुठं गेला होतात?" तोकिएनं विचारलं.

"तुझ्या साहेबाकडे. म्हटलं, माझ्या शेवया परत द्या."

सेइजीला ठसका लागला. दिलेली भेट परत मागायची! असं कुणी ऐकलंही नव्हतं.

"त्याची बायको बिचारी लाल झाली. म्हणते, आम्ही खाल्ल्या हो. मी म्हटलं, मग झालं तर! खाल्ल्या म्हणजे माझी चिठ्ठी मानली. वर लिहिलंय, सुनेवर लोभ असू द्या. लोभ ठेवायचा नसेल तर पेटी परत करा, नाहीतर खाल्ल्याला जागा. साहेब आत वर्तमानपत्रामागं दडला होता. पाय दिसत होते मेल्याचे."

"आई, आता तर मला काढूनच टाकतील!"

"टाकू देत. पण शेवया खाऊन नाही."

मंगळवारी दुकानाच्या माणसानं घरी पेटी आणून दिली. त्याच शेवया, नव्या कोऱ्या. सोबत चिठ्ठी नाही. म्हणजे साहेबांनी लोभ परत केला होता. इनेबाई पेटीकडे बघत बसली. एवढी पोती वाहिलेली बाई, पण त्या दिवशी तिचे खांदे पडले. "माझं चुकलं गं," ती म्हणाली.

तोकिएनं पेटी उचलली.

बुधवारी दुपारी, ज्या शेगडीवर चहाचं पाणी तापायचं तिच्यावरच तिनं शेवया उकडल्या. कोपऱ्यावरून बर्फाची लादी आणून फोडली. खात्यात पंखा गरम हवा ढवळत होता. चौदा जणांपुढं बर्फातल्या शेवया आणि सोयाचा गार रस्सा आला. पहिला वाडगा साहेबांपुढं, शेजारी शेवयांची रिकामी पेटी.

"कुणाकडून गं?" कुणीतरी विचारलं.

"आमच्या घरून. उन्हाळ्याची भेट," तोकिए म्हणाली. "सासूबाईंनी सांगितलंय, सगळ्यांनी लोभ असू द्यावा."

ती साहेबांच्या टेबलाशी उभी राहिली. रिकामा ट्रे तिनं पोटाशी घट्ट धरला होता. साहेबांनी पेटीवरचं दुकानाचं नाव वाचलं. मोठ्यांच्या आधी जेवणाच्या काड्या उचलायच्या नाहीत, म्हणून तेरा माणसं तोंडाला पाणी सुटूनही थांबली होती. वाडग्यातला बर्फ विरघळत होता.

"साहेब, त्यांचा गोळा होईल हो!" खात्यातला म्हातारा इवाबुची कळवळून म्हणाला.

कामोशितासाहेबांनी काड्या उचलल्या आणि सुर्रकन घास ओढला. मग सगळं खातं सुरसुरलं.

गुरुवारी सकाळी तिच्या टेबलावर नकाशाची गुंडाळी होती.  तिनं पेन शाईत बुडवलं.

पुढं टोकियोच्या एका कोर्टानं असल्या अटी बेकायदा ठरवल्या, तेव्हा खात्यातल्या मुलींनी तिला केक आणला. पगार मात्र कधीच पुरुषांइतका झाला नाही. शाईची जागा कॉम्प्युटरनं घेतली तेव्हा तिला जुन्या नकाशांच्या कोठीत पाठवलं, आणि ते तिच्या मनाला लागलं. इनेबाई मरेपर्यंत दर जुलैला कामोशितांकडे शेवया पाठवत राहिली, ते निवृत्त झाल्यावरसुद्धा.

साठाव्या वर्षी तोकिए निवृत्त होऊन निघाली, तेव्हा ऑफिसातल्या एका तरुणीनं फायलीतून तो शिक्क्याचा, आता पिवळा पडलेला कागद काढला. "हे काय हो, नोमोतोबाई? फाडू का?"

तोकिएनं चष्मा लावला आणि कागद उजेडात धरला.

"शिक्का तिरका बसलाय," ती म्हणाली. "फाडू नकोस. राहू दे माझ्याकडं."