डीपीवरची दस्ती

आमच्या जळकोटचे शांतलिंगप्पा सत्तावीस वर्षं दूर वाळवंटातल्या एका वीजकेंद्रात होते. ते केंद्र गॅसवर चालायचं आणि आसपासच्या खाणींना वीज पुरवायचं. पुढं खाणींना बाहेरून लाईन आली, केंद्र कायमचं बंद झालं आणि अप्पा गावी परतले. येताना त्यांनी तिथली एक लाल पाटी आणली: ‘माणूस कामावर आहे. खटका लावू नका.’ ती बैठकीत टांगली.

“गॅसवर लाईट? मग सिलेंडर किती लागत असतील?” असं कुणी विचारलं की अप्पांचं डोकं फिरायचं. मग पाटीची कथा सुरू. “जो पाटी लावंल त्यानंच काढायची. दुसऱ्यानं हात लावला की त्याच दिवशी नोकरी गेली!” आम्हाला ते ऐकून ऐकून वीट आला होता.

गेल्या उन्हाळ्यात शेतातली मोटर चालेना, म्हणून अप्पा डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीकडे गेले. खटका खाली, आणि त्याला मळकी दस्ती बांधलेली. आमच्याकडे वायरचं काम काढलं की माणूस आपला हातरुमाल असा बांधून जातो. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक. पण सत्तावीस वर्षं बाहेर राहिलेल्या अप्पांना वाटलं, कुणाची तरी चिंधी. “काही शिस्तच न्हाय!” म्हणत त्यांनी ती सोडली, खिशात कोंबली आणि खटका वर केला.

पलीकडच्या शेतात दस्तीचा मालक बंडप्पा वायर जोडत होता. जीव वाचला, उजव्या हाताची तीन बोटं गेली.

आणि गावानं कारण विचारलं ते अप्पांनाच! जाणकार तेच ना. “लाईनमधून उलटी वीज आली असंल,” ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या संध्याकाळी बैठकीतली पाटी खाली उतरली. अप्पा शरमेनं कुणाच्या दारात जाईनात.

महिन्यानं बंडप्पा दवाखान्यातून घरी आला. मी त्याच्यापाशी बसलो होतो, तेव्हा अप्पा आले आणि त्यांनी दस्ती पुढं ठेवली.

“म्याच खटका लावला, बंडप्पा. वर खोटं बोललो. लई लाज वाटायली.”

मला इतका संताप आला की उठून त्यांना हाकलावं. बंडप्पानं मात्र डाव्या हातानं दस्ती उचलली.

“तुमच्या तिथं अशा माणसाला काढून टाकत होते न्हवं?”

“व्हय.”

“आमी कुठं काढावं, अप्पा? तुमी गावचेच.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, “चला. माझी वायर तशीच पडलीय. आज ह्यो जोडणार हाय.”

डीपीपाशी बंडप्पानं डाव्या हातानं खटका खाली ओढला आणि दस्ती अप्पांच्या हातात दिली.

“बांधा. मला आता गाठ मारता येत न्हाय.”

अप्पांनी बांधली. मी वायर जोडून परत येईपर्यंत ते खटक्याला पाठ लावून उन्हात उभे होते. मी समोर आलो, तरी गाठीला हात लावायचं त्यांना धाडस होईना.