उंब्रजची जाड केबल

वाईहून निघतानाच मी म्हटलं होतं, एसटीनं जाऊ. पण माझा मोठा भाऊ तात्या मिलिटरीतला निवृत्त ड्रायव्हर. सुट्टी संपवून ड्युटीवर निघालेल्या लेकाला, सुजितला, आपल्या जुन्या जीपमधूनच सांगली स्टेशनला पोचवणार! सुजितचे सोबती आणि तिकीट, दोन्ही सांगलीहून. रेल्वे चुकली तर हजेरी चुकली, आणि फौजेत त्याला माफी नसते.

उंब्रजला तात्या म्हणाला, “वाईच चा घिऊ.” (वाईच म्हणजे थोडासा, तात्याचा थोडासा म्हणजे दोन कप.) चहा झाला, चावी फिरवली आणि बॉनेटखालून धूर! बॅटरीपासून स्टार्टरला जाणारी केबल जळून तुटली होती.

“घ्या चहा!” मी म्हटलं.

समोरच स्पेअर पार्टचं दुकान. गल्ल्यावरच्या बाईंनी जीपची केबल पुढे ठेवली. तात्यानं ती बोटात धरली आणि नाक मुरडलं.

“ही काय सुतळी? ती दाखवा.”

“आवं, ती ट्रकची हाय. जाड घ्या, पर लांबी बेताची घ्या. जीपमदी मावायची न्हाई.”

“मावती! आमी मिलिटरीत ह्याच वापरल्या. बारकी वायर तापती.”

“मग कापून टोकं बसवून देऊ? अर्धा तास लागंल.”

“अर्धा तास न्हाई,” सुजित घड्याळ बघत म्हणाला.

तात्यानं ती अजस्र केबल अख्खीच जोडली. जीप एका चावीत गरजली, पण बॉनेट काही लागेना! शेवटी सुजितच्या टॉवेलनं ते बांधलं आणि आम्ही निघालो. कऱ्हाडपर्यंत ते झाकण फडफडत होतं. दोन्हीकडे उसाच्या गाड्या, आणि प्रत्येक गाडीवाला आमच्याकडे बघून हसत होता. मला हसू आवरेना आणि तात्याला राग.

सांगलीला पोचलो तेव्हा रेल्वे फलाटावर उभी होती. सुजितनं वडिलांच्या पाया पडून बॅग उचलली.

“चल की फलाटावर,” मी तात्याला म्हटलं.

“इंजिन बंद केलं तर परत सुरू व्हायचं न्हाई. तू जा.”

मनगटाएवढी नवी केबल, आणि म्हणे सुरू व्हायचं नाही! चिडूनच मी गेले. सुजित डब्याच्या दारात होता, पण नजर माझ्या मागे, जिन्याकडे. गाडी हलली तेव्हा माझाच हुंदका बाहेर पडला.

परत आले तर इंजिन केव्हाच बंद होतं. तात्या स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

मी शेजारी बसले. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, चावी फिरवली. जीप लगेच सुरू झाली.

“केबल लय भारी हाय,” तो म्हणाला.

सबंध वाटेत टोमणे मारणारी मी, तेव्हा एवढंच म्हणाले, “हाय खरी.”